ताप उतरला म्हणून सही करून पोराला घरी नेऊ नका

खानापूरच्या वहिनीने परवा रात्री एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "भाऊजी, हे खरं काय? बाळ्याचा ताप उतरलाय. सही करून घरी न्यायचं म्हणतायत सगळी." पोरगं बेळगावात डेंग्यूने आयसीयूत, तापाचा पाचवा दिवस. डॉक्टर नको म्हणत असताना आपल्या जबाबदारीवर सही करायची नाही, एवढं फोनवर सांगितलं. बाकीचं इथे लिहितो, कारण हा मेसेज निपाणीच्या पाहुण्यांच्या ग्रुपवरही आलाय.

मेसेज म्हणतो, ताप उतरला म्हणजे मूल बरं झालं, त्यापुढे ठेवून घेणं म्हणजे बिल वाढवणं. डेंग्यूत नेमकं उलटं असतं. जागतिक आरोग्य संघटनेची 2009 ची डेंग्यू मार्गदर्शिका उघडून बघा की. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि धोक्याचा काळ तिथेच सुरू होतो, 24 ते 48 तासांचा. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी झिरपून पोटात, छातीत साठतं. आत उरलेलं रक्त घट्ट होतं. हातपाय गार लागले की आई म्हणते ताप गेला, आणि पोरगं शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोसळायच्या बेतात, चाललेलं असतं.

लहान मुलांत हे आणखी फसवं. वरचं बीपी बराच वेळ टिकून राहतं. 100/82 बघून नातेवाईक म्हणतात, शंभर आहे, चांगलंय की! पण दोन आकड्यांतलं अंतर 20 किंवा त्याहून कमी झालं की मुलांत तो शॉक धरतात. घरी हे कोण मोजणार, देवरशी? गंभीर डेंग्यूत नीट उपचार नसतील तर शंभरात वीसहून जास्त दगावू शकतात; वेळेवर मिळाले तर एकाहूनही कमी. हेही जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

दिवसातून तीन-चारदा रक्त काढतात, तो म्हणे लॅबचा धंदा. रक्त किती घट्ट झालंय ते हिमॅटोक्रिटवरून, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावरून, कळतं आणि सलाईन किती सोडायचं ते त्यावर ठरतं. "सलाईनने पोट फुगतं, काढायला लावा" ही त्याच मेसेजमधली पुढची अक्कल. पोट फुगतं ते झिरपलेल्या पाण्याने. हां, यात अर्धं खरं आहे: सलाईन जास्त झालं तर छातीत पाणी वाढून श्वास अडतो. म्हणूनच तासातासाला बघून ते कमी-जास्त करतात. त्यासाठीच तर आयसीयू.

प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या की लगेच चढवायला सांगा, असंही लिहिलंय. रक्तस्राव नसताना नुसता आकडा बघून प्लेटलेट चढवू नयेत, असं मार्गदर्शिका सांगते. पण दोष एकट्या मेसेजचा नाही. आकडा ऐकून घाबरलेल्या घरच्यांना बाटल्या आणायला पळवणारे डॉक्टरही आपल्याकडे आहेत, ते नाकारत नाही.

पपईच्या पानांचा रस? काही अभ्यासांत त्याने प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचं दिसलंय, बरं. पण पोरगं दगावतं ते बहुतेक वेळा झिरपण्याने, आणि ते या रसाने थांबतं असं कुणी दाखवलेलं नाही. शिवाय उलट्या करणाऱ्या पोराच्या घशात तो कडू रस ओतायचा!

बिलाची भीती मात्र खोटी नाही. खासगी आयसीयूत आधी डिपॉझिट मागतात, शेतकरी माणूस कुठून आणणार? बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. ते हॉस्पिटल योजनेत आहे का ते काउंटरवर विचारा. डॉक्टरांशी बोलून बेळगावच्या बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सिव्हिल हॉस्पिटलला हलवता येतं. पण या योजनेचा बोर्ड कन्नडमध्ये, केसपेपर इंग्रजीत आणि हा थापांचा मेसेज तेवढा स्वच्छ मराठीत. आमच्या वहिनीने विश्वास ठेवायचा कशावर?

शेवटी अंगदुखीला आयब्युप्रोफेनचं सिरप सुचवलंय. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेफेनॅमिक अ‍ॅसिडचं सिरपही त्याच जातीचं आणि मेडिकलवाला ते न विचारता देतो. डेंग्यूत पॅरासिटामॉल तेवढं चालतं, तेही पोराचं वजन बघून.