‘खेळता आलं नाही म्हणून कोच झाली’ म्हणणाऱ्यांना

गेल्या आठवड्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या बहुतेक ग्रुपवर एक मेसेज फिरला. मला तो सात जणांनी पाठवला, त्यात माझे मोठे दीरही आहेत. निमित्त माझंच. मी इथल्या शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते. पालकसभेत मी पॅट समिट या अमेरिकन बास्केटबॉल प्रशिक्षिकेची गोष्ट सांगितली होती. मेसेजचं म्हणणं असं: “बास्केटबॉल शहरातल्या श्रीमंतांचा खेळ. त्याला सहा फुटी पोरी लागतात. मॅडम जिचं कौतुक सांगतात तिला खेळाडू म्हणून जमलं नाही, म्हणून ती कोच झाली. लग्न-लेकरं झाली की हे सगळं बंदच होतं. आणि मॅडम स्वतः काय कमावतात तेही विचारा.” खाली हात जोडलेले तीन इमोजी.

श्रीमंतीपासून सुरुवात करते. पॅट समिट १९५२ साली टेनेसी राज्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मली. घरी दुभती जनावरं आणि तंबाखूचं पीक. आपण कुटार भरून ठेवतो तशा गोठ्यावरच्या माळ्यात, वाळलेल्या गवताच्या गंज्यांमध्ये, ती रात्री मोठ्या भावांबरोबर बास्केटबॉल खेळायची. दिवसा शेतातली कामं चुकली नाहीत. राहत्या भागातल्या हायस्कूलला मुलींचा संघच नव्हता, तेव्हा तिच्या वडिलांनी बिऱ्हाड हलवून हेन्रिएटा नावाच्या छोट्या गावी नेलं, कारण तिथल्या शाळेत मुली खेळत होत्या. आपल्याकडे पोराच्या ‘नीट’साठी आई लातूरला खोली करून राहते, त्यातलाच प्रकार. पुढे कॉलेजात भावांना खेळाची शिष्यवृत्ती मिळाली, हिला नाही. मुलींसाठी ती नव्हतीच. फी आईवडिलांनी भरली.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे, ती मेसेजमध्ये नाही. ती म्हणजे काळी माती. कबड्डी, खो-खो कुठंही होतो, पण बास्केटबॉलला चेंडू उसळावा लागतो. पावसाळ्यात आपली जमीन पाय सोडत नाही आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आम्ही आधी मुरूम टाकून, दाबून खेळलो. मग लोकवर्गणीतून सिमेंटचं अर्धं मैदान झालं. झालं तेव्हा सगळं गाव खूश, कारण पहिल्याच हंगामात त्यावर सोयाबीन वाळत पडलं. मीही चार दिवस सरावाला सुट्टी दिली. काय करणार, पोरींच्याच घरचं सोयाबीन होतं.

उंचीचं थोडक्यात. उंचीचा फायदा होतो, नाही कशाला म्हणू? पण अमेरिकेची खेळाडू डॉन स्टेली पाच फूट सहा इंचांची. १९९६, २००० आणि २००४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये तिनं खेळाडू म्हणून सुवर्ण घेतलं आणि टोकियोत मुख्य प्रशिक्षक म्हणून संघाला सुवर्ण मिळवून दिलं. चेंडू आणायचा, कुणाला कधी द्यायचा ते ठरवायचं, हे तिचं काम. त्याला डोकं आणि मनगट लागतं.

आता ज्या वाक्यानं मला हे लिहायला बसवलं त्याकडे येते: “जमलं नाही म्हणून कोच झाली.”

नुसत्या तारखा बघा. १९७४ साली, वयाच्या २२व्या वर्षी, पॅट टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची मुख्य प्रशिक्षक झाली. खरं तर ती सहायक म्हणून आली होती. आधीच्या बाई सोडून गेल्या आणि संघ हिच्या गळ्यात पडला. महिन्याला २५० डॉलर. संघाची गाडी ही चालवणार, कपडे ही धुणार. खेळाडूंचे गणवेश डोनट विकून आलेल्या पैशातून घेतलेले. पहिलाच सामना ८४-८३ असा एका गुणानं हरली. हे चालू असताना स्वतःचं पदव्युत्तर शिक्षण चालू, वर्गावर शिकवणं चालू, आणि फाटलेल्या लिगामेंटचा गुडघा घेऊन स्वतःचा सरावही चालू. कशासाठी? १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकसाठी. महिलांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते त्या वर्षी, आणि ही रौप्यपदक घेऊन परतली. म्हणजे कोच आधी झाली, ऑलिंपिकचं पदक नंतर मिळालं. ‘जमलं नाही’ ते नेमकं कुठे?

आठ वर्षांनी, १९८४ ला, अमेरिकेच्या संघाची प्रशिक्षक म्हणून तिनं सुवर्ण आणलं. विद्यापीठाच्या संघाला राष्ट्रीय विजेतेपद मात्र १९८७ साली मिळालं, कोच झाल्यावर तेरा वर्षांनी. आपल्याकडे तेरा वर्षं कोणी थांबलं असतं का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. ३८ हंगामांत अशी आठ विजेतेपदं, १०९८ विजय, २०८ पराभव. आणि तिच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. खेळानं शिक्षण बुडतं म्हणणाऱ्या काकांसाठी हे वेगळं सांगते.

दुसरं असं की शिकवणं ही खेळण्याची उरलीसुरली पायरी नाही. मी कॉलेजात बरी खेळायचे. ले-अप, म्हणजे धावत दोन पावलं टाकून उडी मारायची आणि चेंडू जवळून बास्केटमध्ये टाकायचा, हा मला कधी कोणी शिकवला असं आठवतच नाही, आला तो आला. त्यामुळे पहिल्यांदा शिकवायला उभी राहिले तेव्हा माझी पंचाईत झाली. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “पाय गुतते न मॅडम.” तिला काय सांगू? माझे पाय काय करतात हे मलाच माहीत नव्हतं. घरी येऊन अंगणात स्वतःची पावलं मोजली: हात उजवा, तर उजवा पाय, मग डावा, आणि उडी डाव्यावरून. दुसऱ्या दिवशी तिला चेंडू दिलाच नाही. म्हटलं, वावरात धुरा (बांध) ओलांडते तशी दोन पावलं टाक आणि उडी मार. तिसऱ्या दिवशी चेंडू दिला. चांगल्या खेळाडूला जे न कळता येतं, ते सुटं करून दुसऱ्याच्या पायात घालायचं, ही वेगळीच विद्या आहे. ती न येणारे चांगले खेळाडू मी पुष्कळ पाहिलेत.

लग्न-लेकरांचं. १९९० साली पॅट दिवस भरत आलेले असताना एका खेळाडूला संघात बोलवायला पेनसिल्व्हेनियात गेली आणि तिथंच कळा सुरू झाल्या. परतताना पायलट म्हणाला, वाटेत व्हर्जिनियात उतरू. ही म्हणाली, नाही. त्याच वर्षी व्हर्जिनियानं तिच्या संघाला हरवलं होतं! मुलगा टेनेसीतच झाला. हे कोणी करावं असं मी म्हणत नाही. माझ्या सासूबाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. आपल्या देशातलं पाहिजे तर चेन्नईची बास्केटबॉलपटू अनिता पॉलदुराई बाळंतपणानंतर पुन्हा भारताकडून खेळली, २०२१ ला तिला पद्मश्री मिळाली. माझं म्हणाल तर मुलगी दीड वर्षाची होईपर्यंत माझं मैदान सुटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण बंद पडणं वेगळं आणि थांबून परत येणं वेगळं. परत आले तेव्हा मुलगी सासऱ्यांनी सांभाळली. मेसेजमधल्या ‘बंदच होतं’ला माझ्या घरातलं उत्तर एवढंच.

राहिलं शेवटचं, मॅडम काय कमावतात. मी तासिका तत्त्वावर आहे. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, मे महिन्याचे मिळत नाहीत, आणि पहाटे साडेपाचच्या सरावाचे कधीच मिळाले नाहीत. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेत खेळाडूंची भरती होते, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाची पदविका घेता येते. हे मी पालकांना सांगते आणि ते खरं आहे. पण पदविका घेऊन एखादी मुलगी आमच्या तालुक्यात परत आली, तर तिला पगारावर ठेवणारी शाळा मला दाखवता येणार नाही. तेव्हा हा मुद्दा मान्य. मेसेज लिहिणाऱ्यानं तो सगळ्यात खाली टाकला. मी असते तर पहिला टाकला असता, आणि पालकांना नाही, आमदारांना पाठवला असता.