पुन्हा तीच बेरीज-वजाबाकी!

सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेतलं डेलिगेट, म्हणजे एखादी मेथड (कामाचा तुकडा) दुसऱ्या कोडच्या हाती सोपवायची सोय, शिकवणाऱ्या प्रत्येकाने बेरीज-वजाबाकीचीच शपथ घेतली आहे का हो? कुठलाही व्हिडिओ उघडा. ‘डेलिगेट म्हणजे टाइप-सेफ फंक्शन पॉइंटर’ हे वाक्य तोंडावर फेकायचं, मग ॲड, सबट्रॅक्ट, दोन आकडे, कन्सोलवर उत्तर. संपला धडा! अरे, पण ॲड थेट बोलावता येत होतं की! मग हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? यावर सगळे चिडीचूप.

खरी गरज कुठे पडते ते सांगा ना. बटण बनवणाऱ्याला क्लिकनंतर काय व्हायचंय ते ठाऊकच नसतं, म्हणून डेलिगेट. यादी गाळणाऱ्या ‘व्हेअर’ला अट बाहेरून द्यावी लागते, म्हणून डेलिगेट. दोन वाक्यांत काम झालं असतं!

वर सिंटॅक्सची जत्रा. २००२ची मूळ पद्धत, २००५च्या अनामिक मेथड, तेच आणखी थोडक्यात लिहिणारा २००७चा लॅम्डा, सगळं एकाच दमात डोक्यावर ओतायचं. मग फंक, ॲक्शन, प्रेडिकेट ही तयार डेलिगेट. फंकमधला शेवटचा टाइप परतीच्या उत्तराचा असतो, एवढं सांगायला जीभ झिजते?

मल्टिकास्टचं, म्हणजे एकाच डेलिगेटला अनेक मेथड जोडण्याचं, तर विचारूच नका. अधिक-बरोबर (+=) करून तीन मेथड जोडा. चालतात तिन्ही, हाती उत्तर फक्त शेवटच्या मेथडचं. बाकीची दोन गेली कुठे? आणि इव्हेंटला (‘बटण दाबलं’सारखी घटना कळवणाऱ्या सोयीला) जोडलेली मेथड वजा-बरोबर (-=) करून सोडवली नाही, तर त्या मेथडचा ऑब्जेक्ट मेमरीत ठाण मांडून बसू शकतो, हे कोण सांगणार? मुलाखतीत मात्र हमखास: ‘डेलिगेट आणि इव्हेंटमधला फरक सांगा.’ शिकवला होता कुणी?