खुलासा : सेंट लुईसच्या जुन्या कोर्टाने ड्रेड स्कॉटला स्वातंत्र्य दिलं होतं

घुमटाच्या एका देखण्या इमारतीचा फोटो सध्या फिरतोय. खाली लिहिलंय, ‘१८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाचा दावा इथेच फेटाळला.’ हे चूक आहे. तो निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टनमध्ये दिला. फोटोतली इमारत मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीचं जुनं कोर्ट. ड्रेड आणि त्याची बायको हॅरिएट यांनी १८४६ मध्ये स्वातंत्र्यासाठी दावा लावला. १८४७ मध्ये ते इथे हरले, पण १८५० मध्ये याच इमारतीत ज्युरीने त्यांना स्वतंत्र ठरवलं! १८५२ मध्ये मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. हा मधला विजय गाळणं त्या दोघांवर अन्यायच आहे.

फोटोतला लोखंडी घुमटही तेव्हा नव्हता. तो १८६० च्या दशकात पुरा झाला. आणि ज्या दालनात खटला चालला ते आज दाखवता येत नाही, कारण पुढच्या फेरबदलांत तिथून येण्याजाण्याची वाट काढली गेली. इमारत मात्र टिकली. १९३० मध्ये न्यायालयं नव्या जागेत गेली, १९४० पासून ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. बाहेर ड्रेड आणि हॅरिएट हातात हात घेऊन उभे आहेत, पुतळ्यांच्या रूपात.