लर्निंगची परीक्षा स्वतः द्या की ओ!

सोलापुरात लर्निंग लायसन्स काढायचं म्हटलं की "अभ्यास कुठून करताय?" असं कुणी विचारत नाही, "तुमचा एजंट कोण?" असं विचारतात. लेकीला अठरा पूर्ण झाली म्हणून तिचं आणि चाळिशी ओलांडल्यावर मलाही फोर-व्हीलर शिकायची हौस आली म्हणून माझं, अशी दोन लायसन्सं काढायचीत, एवढं मी पतसंस्थेत डबा खाताना बोलले. हात धुऊन येईपर्यंत तीन नंबर मिळाले. एक सर म्हणाले, "मॅडम, कशाला डोक्याला ताप ओ? आधार द्यायचं, ओटीपी सांगायचा. व्हिडिओ तोच बघतो, उत्तरं तोच देतो. संध्याकाळी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर."

माझा विरोध नेमका यालाच आहे. अर्ज भरता येत नसेल तर भरून घ्या कुणाकडून, त्याचे पैसेही द्या, तो त्याचा धंदा आहे. पण परीक्षा तुमची आहे. आधारचा ओटीपी दुसऱ्याला सांगून ती त्याने दिली, तर नियम त्या एजंटला पाठ होतात आणि गाडी तुम्ही चालवता.

घरबसल्या परीक्षा देण्याची सोय आपल्याकडे जून २०२१ मध्ये आली. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर आधारने ओळख पटवायची, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघायचा आणि कॅमेऱ्यासमोर बसून उत्तरं द्यायची. आधार जोडायचं नसेल तर ऑफिसात जाऊन परीक्षा देण्याचा मार्ग आहेच. माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या बाईला ही सोय सोन्यासारखी, एक रजा वाचते. पण सरकारने आपला हेलपाटा वाचवला होता, आपण वाचनच वाचवायला लागलो. फीसुद्धा काही डोंगराएवढी नाही. गाडीच्या प्रत्येक प्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. नापास झालात तर पुन्हा ५० भरून परत द्यायची. लाज कसली त्यात?

आता परीक्षेबद्दल. पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर आले की पास. म्हणजे साठ टक्के. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय आणि वेळ मोजून. मराठीतून देता येते. पोर्टलवर सराव परीक्षाही असते, ती आम्ही मायलेकी रात्री जेवणानंतर सोडवत बसतो. त्यावरून माझ्या एक गोष्ट लक्षात आली. निम्म्या प्रश्नांत जो पर्याय सगळ्यात सभ्य, तोच बरोबर असतो. अरुंद पुलावर समोरून गाडी आत शिरली असेल तर काय कराल? हॉर्न वाजवत पुढे जाल, दिवे लावून पुढे जाल, की ती गाडी पूल ओलांडेपर्यंत थांबाल? हातात पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडतेय, तर ती काठी म्हणजे थांबण्याची खूण समजायची की हॉर्न द्यायचा? लेक म्हणाली, "आई, जो पर्याय आपल्या गावात कुणीच करत नाही तो टिक करायचा." हसले मी, पण युक्ती चालते. निदान या निम्म्या प्रश्नांपुरती तरी चालते.

उरलेल्या निम्म्यात मात्र सभ्यपणा कामाला येत नाही. तिथे माहिती लागते. लोक गडबडतात ते चिन्हांत, कारण ते एकेक चित्र सुटं पाठ करायला जातात. आधी आकार बघा. गोल म्हणजे हुकूम, मोडला की दंड. त्रिकोण म्हणजे पुढे सांभाळा. चौकोनी पाटी म्हणजे नुसती माहिती, दवाखाना, पेट्रोल पंप, पार्किंग. या सगळ्यांत दोनच पाट्या मुद्दाम वेगळ्या केल्यात. 'थांबा'ची पाटी अष्टकोनी आणि 'रस्ता द्या'चा त्रिकोण उलटा, टोक खाली. अक्षरं पुसली, धूळ बसली, तरी नुसत्या आकारावरून कळावं म्हणून. (आपल्याकडे धुळीपेक्षा मोठा प्रश्न वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डांचा आहे. भाऊंच्या हसऱ्या चेहऱ्यामागे कुठली पाटी आहे ते भाऊंनाच माहीत.) निळ्या गोलावर लाल तिरकी रेघ एक असेल तर पार्किंग नाही, पण माणूस उतरवण्यापुरतं थांबता येतं. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचंसुद्धा नाही. हा फरक मी घरात विचारला. आमचे हे वीस वर्षं गाडी चालवतात, ते म्हणाले, "दोन्ही एकच की. पोलीस नसला की लावायची."

घरात पैकीच्या पैकी मिळाले ते फक्त सासऱ्यांना. ते एसटीत ड्रायव्हर होते. हाताच्या इशाऱ्यांचे प्रश्न आले तसे ते कॉटवर सरसावून बसले आणि उजवा हात खिडकीबाहेर काढल्यासारखा काढला. हात सरळ, तळवा पुढे: उजवीकडे वळतोय. हात लांब करून घड्याळाच्या उलट्या दिशेने गोल फिरवला: डावीकडे. तळवा खाली करून हात वर-खाली: वेग कमी करतोय. कोपरात वाकवून हात उभा, तळवा समोर: थांबतोय. मागून पुढे अर्धगोल झुलवला: जा पुढे, वाट मोकळी आहे. लेक म्हणाली, "आजोबा, आता इंडिकेटर असतात." त्यावर ते एवढंच म्हणाले, "उसाच्या ट्रॉलीला दाखव मला इंडिकेटर."

हे ज्याला कळलं त्याला सोलापूर जिल्ह्यात गाडी चालवायचं अर्धं कळलं. दिवाळीच्या आगेमागे कारखाने पेटले की सगळ्या रस्त्यांवर ट्रॅक्टर सुरू होतात. एकामागे एक दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागचा दिवा असला तर असला, नाहीतर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. ट्रॅक्टरवाल्याला पुढच्या फाट्याला वळायचंय हे तुम्हाला कळणार ते त्याच्या हातावरून. तो बिचारा हात काढतो. मागची गाडी समजते, पुढे जा म्हणतोय. परीक्षेत विचारतात, पुढचा रस्ता स्पष्ट दिसत नसेल तर ओव्हरटेक करायचं का? नाही. कागदावर सोपं आहे. रात्री पहिली ट्रॉली संपली असं वाटून आत घुसायला जावं तर पुढे दुसरी असते आणि समोरच्याचा अप्पर डोळ्यांत. समोरून गाडी आली की डिपर द्यायचा, म्हणजे दिव्याचा झोत खाली करायचा, हाही प्रश्न त्याच यादीत आहे. आपल्याकडे डिपरचा अर्थ "सरक बाजूला" असा लावतात, ते वेगळं.

चालणाऱ्यांसाठीही प्रश्न असतात, हे मला माहीत नव्हतं. फूटपाथ नसेल तर पायी चालणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालावं, म्हणजे समोरून येणारी गाडी त्याला दिसते. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला किती माणसं चालत जातात! तेव्हा वाहतूक वळवतात म्हणून निभावतं. पण एरवी नवस फेडायला दोघी-तिघी पहाटेच्या अंधारात निघतात त्या डाव्या कडेने, गाड्यांकडे पाठ करून. हे त्यांना कोण सांगणार? त्यांना कुणी परीक्षा द्यायला लावत नाही. आपण गाडीवाले निदान वाचतो, तर घरातल्या बायाबापड्यांना सांगू तरी शकतो.

सगळ्यात जास्त वाद झाला तो अपघाताच्या प्रश्नावर. तुमच्या गाडीने कुणाला इजा झाली तर काय कराल? पतसंस्थेतल्या सगळ्या पुरुषांचं एकमत: पळायचं, पब्लिक मारतं. बरोबर उत्तर असं आहे की जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांत कळवायचं. मग मी मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम काढून वाचलं. त्यात स्वतःच लिहिलंय की जमावाच्या संतापामुळे मदत करणं शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे पब्लिक मारतं हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं! जीव वाचवायला बाजूला व्हा, पण थेट पोलीस स्टेशन गाठा, असा त्याचा सरळ अर्थ. आणि रस्त्यावर पडलेल्याला उचलून सिव्हिलला नेणाऱ्या तिसऱ्या माणसाला तर २०१९ च्या दुरुस्तीत १३४-अ कलमाने संरक्षण दिलंय. नाव-गाव सांगायची सक्ती त्याच्यावर नाही. सर गप्प बसले थोडा वेळ. मग म्हणाले, "हे एजंटनं सांगितलं नव्हतं."

काही प्रश्न जुने झालेत हेही खरं. फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर गाडी थांबवून, खाली उतरून, दोन्हीकडे बघायचं, असं एक उत्तर आहे. ब्रॉडगेजवरची तसली क्रॉसिंगं रेल्वेने २०१९ च्या सुरुवातीलाच संपवली. असू दे. सात रस्त्याला सिग्नल बंद असताना तीच सवय उपयोगी पडेल. सिग्नल नसेल, पोलीस नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असा नियम आहे. आपल्याकडे ज्याची गाडी मोठी तो आधी, मग ज्याचा हॉर्न मोठा तो, आणि उरलेले सायकलवाले.

चाळिशी ओलांडलेल्यांना नमुना १-अ लागतो, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र. तेही "करून मिळतं", न तपासता. आमच्या डॉक्टरांनी मात्र मला गॅलरीत नेलं आणि समोर पलीकडे उभ्या असलेल्या रिक्षाचा नंबर वाचायला लावला. पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता आली पाहिजे, असं त्या फॉर्मातच आहे. लाल-हिरवा ओळखता येतो का, रात्रीचं दिसतं का, हेही विचारलं. एमएच-१३ पुढचे आकडे वाचताना मला चष्म्याचा नंबर वाढल्याचं कळलं. चष्मा बदलला, मग सही मिळाली. डॉक्टरांनी तशीच सही ठोकली असती तर मी तो जुना चष्मा लावूनच स्टिअरिंग धरलं असतं.

आता आईबापांना थोडं कडक बोलते, राग मानू नका. लर्निंग मिळालं म्हणजे गाडी मिळाली असं नाही. पांढऱ्या पाटीवर लाल 'एल', अठरा सेंटिमीटर चौरस, पुढे आणि मागे. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस, गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला. टू-व्हीलरवर शिकवणाऱ्याखेरीज मागे कुणी नाही, मैत्रीण तर नाहीच नाही. तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते आणि सहा महिन्यांत दिली नाही तर लर्निंग संपतं. आपली पोरं पीडीएफ हातात पडली की त्याच दिवशी तिबल सीट नळदुर्गचा किल्ला बघायला निघतात.

आणि अठरा व्हायच्या आधी गाडी देणारे? कुठल्याही क्लासच्या दारात संध्याकाळी जाऊन उभं राहा. गाड्यांची रांग लागलेली असते, चालवणारे दहावी-अकरावीचे. "सोळाला चालतं की" असं म्हणणाऱ्यांनी नीट वाचावं. सोळाव्या वर्षी चालते ती ५० सीसीपर्यंतची विना गिअरची, तीही पालकांच्या संमतीने आणि लायसन्स काढून. तशी पेट्रोलची गाडी आता शोरूममध्ये शोधून दाखवा. बाकी गाडी अल्पवयीन पोराच्या हातात सापडली आणि गुन्हा झाला तर कलम १९९-अ लागतं. पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही. कॉलेज संपेल, नोकरी लागेल, लग्नाचं बघायला लागाल, तरी नवरदेव रिक्षाने येणार.

"रस्त्यावर कोण पाळतंय हे सगळं?" असं माझा दीर म्हणाला. खरंय, फार थोडे पाळतात. पण मी त्याला त्याच पंधरा प्रश्नांना बसवलं आणि तो नापास झाला. आपण नियम मोडतो हे ज्याला माहीत आहे तो निदान पोलीस बघून तरी सरळ होतो. नियमच माहीत नाही, त्याच्यावर चौकात ओरडून काय उपयोग?

असो. आमच्या दोघींची परीक्षा या रविवारी घरी आहे, नेट चाललं तर. आता कामाचं विचारते. विजापूर रोड किंवा जुळे सोलापूर भागात सकाळी सात ते नऊमध्ये बायकांना फोर-व्हीलर शिकवणारी चांगली ड्रायव्हिंग स्कूल कुणाला माहीत आहे का? शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असलेली गाडी हवी. आणि रिकाम्या मैदानात गोल-गोल फिरवून सोडणारा नको, मंगळवार बाजाराच्या दिवशी गर्दीत घेऊन जाणारा हवा. फी किती, किती दिवस, हेही कमेंटमध्येच लिहा, बाकीच्यांनाही उपयोग होईल.