प्रॉग आवडत असेल तर एमील जाकोते ऐकाच

आपल्याकडे प्रोग्रेसिव्ह रॉकवर, म्हणजे प्रॉगवर, लांबलचक आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या त्या रॉक संगीतावर, गप्पा निघाल्या की पिंक फ्लॉइडपासून सुरुवात होते, जेनेसिस आणि येस यांच्यावर एक फेरी होते आणि विषय तिथेच संपतो. फारच रंगल्या तर किंग क्रिम्सन. त्यात कोणी ‘आंज’ या फ्रेंच बँडचं नाव काढलंच, तर ‘हां, ते फ्रान्सचे जेनेसिस’ म्हणून पुढे जातात. मला हे फार खटकतं. ज्यांनी १९७५ साली ‘एमील जाकोते’सारखा अल्बम केला, त्यांना दुसऱ्या कुणाच्या नावाने ओळखायचं कारणच काय?

आधी हा जाकोते कोण ते सांगतो. गायक नाही, राजा नाही, काल्पनिक पात्रही नाही. पूर्व फ्रान्समध्ये फ्राँश-कोंते नावाचा प्रदेश आहे, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून. तिथल्या सोलनो गावातला हा म्हातारा नालबंद. जन्मभर घोड्यांना नाल ठोकले. गावोगावी ट्रॅक्टर आले, घोडे गेले, धंदाही गेला. त्याच्यापाशी उरल्या त्या जुन्या गोष्टी. आंजची मंडळी त्याच भागातली, बेलफोरची. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यांचं शहर ते. गायक क्रिस्तियाँ आणि कीबोर्ड वाजवणारा फ्रान्सिस या देकाँ भावांनी १९६९ च्या सुमारास तिथेच बँड उभा केला. त्यांनी या म्हाताऱ्याच्या गोष्टी घेतल्या, त्यांची गाणी केली आणि रेकॉर्डला नाव दिलं ते थेट त्याचं.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ही, की त्याचा स्वतःचा आवाज अल्बममध्ये ठेवला. खरखरीत, खेडवळ, सावकाश बोलणारा आवाज. तो काय म्हणतोय ते मला कळत नाही, माझं फ्रेंच तेवढं नाहीच. पण पारावर बसलेला म्हातारा कसा मधेच थांबतो आणि पुन्हा सुरू करतो, ते कळायला भाषा लागत नाही. हा आवाज संपतो आणि बँड वाजायला लागतो तेव्हा अंगावर काटा येतो. त्या काळात प्रॉगवाले अंतराळात जात होते, ग्रीक पुराणात जात होते. हे शेजारच्या गावात गेले.

पहिलं गाणं शेळीचं, चांगलंच जोरकस. मग ‘स्युर ला त्रास दे फे’, पऱ्यांच्या मागावर जाणारं. हे गाणं मला या अल्बमचा गाभा वाटतं. चाल अगदी साधी, गुणगुणता येईल अशी, आणि तिच्यामागे कीबोर्डचा असा पडदा पसरतो की व्हायोलिनांचा अख्खा ताफा बसलाय असं वाटावं. बहुतेकांना हा मेलोट्रॉन वाटतो, म्हणजे पट्टी दाबली की आतली टेप फिरून तंतुवाद्यं ऐकवणारं ते यंत्र. तो मेलोट्रॉन नाही. फ्रान्सिस देकाँ व्हिस्काउंट हा इटालियन ऑर्गन वाजवायचा आणि तो हॅमंडच्या रिव्हर्ब युनिटमधून, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या यंत्रातून, काढायचा. त्यातून आलेला हा थरथरता, थोडा गंजलेला सूर. इंग्रज बँडांकडे असा सूर नाही. एकदा कानात बसला की दोन सेकंदांत ओळखू येतो. ‘फ्रान्सचे जेनेसिस’ म्हणणाऱ्यांनी नुसता हा ऑर्गन लक्ष देऊन ऐकावा.

तिसरं ‘ल नँ द स्तानिस्लास’, म्हणजे स्तानिस्लासचा बुटका. त्यामागे इतिहास आहे. पोलंडचं सिंहासन गमावलेला स्तानिस्लास १७३७ मध्ये लोरेनचा ड्यूक झाला. त्याच्या ल्युनेव्हिलच्या दरबारात निकोला फेरी नावाचा अतिशय ठेंगणा मुलगा होता, त्याला ‘बेबे’ म्हणत. दरबाराची करमणूक म्हणून वाढवलेला हा पोरगा बावीस वर्षांचा असतानाच गेला. हे माहीत झाल्यावर मी गाणं पुन्हा लावलं, तर क्रिस्तियाँचं ते नाटकी गाणं मला एकदम पटलं.

क्रिस्तियाँच्या आवाजाबद्दल तक्रारी खूप ऐकल्यात. ‘ओव्हरॲक्टिंग करतो’, ‘गातो कमी, बोलतो जास्त’. अरे, पण तीच तर त्यांची परंपरा! फ्रेंचमध्ये गाणारा बेल्जियन गायक जाक ब्रेल ज्या देशात शब्द चावून चावून, घाम गाळत गायला, तिथला हा माणूस. १९७३ च्या अल्बममध्ये आंजने ब्रेलचं ‘से जाँ-ला’ गायलं आहे, ते आधी ऐका. मग क्रिस्तियाँ कुठून आलाय ते समजेल. जेनेसिसचा गायक पीटर गॅब्रिएलशी त्याचं नातं त्यानंतरचं आणि लांबचं.

पुढे अल्बम म्हाताऱ्याच्या गोष्टींपासून सुटतो आणि थोडा विस्कळीत होतो, हे मान्य. ‘एगो ए देउस’ची धांदल मला अजूनही फारशी भावत नाही. पण ‘ओद आ एमील’ हे त्या नालबंदासाठीचं गाणं, आणि शेवटचं ‘ले नोस’, यांच्यासाठी बाकी सगळं चालवून घेईन. बँडचा गिटारवादक ब्रेझोव्हार, त्याची गिटारही कुठे मिरवत नाही. चालीच्या आड येत नाही, तिला हात देते.

बहुतेक जाणकार सुरुवातीला १९७४ चा ‘ओ-दला द्यु देलीर’ ऐकायला सांगतात. तो जास्त घट्ट बांधलेला आहे, वादच नाही. तरी मी नवख्या माणसाला ‘एमील जाकोते’च देईन, कारण यात माणूस आधी भेटतो, संगीत नंतर. क्रिस्तियाँलाही हा म्हातारा सोडवला नसावा. २०१४ मध्ये, मुलगा त्रिस्ताँ कीबोर्डवर असलेल्या नव्या संचाबरोबर, त्याने हाच अल्बम पुन्हा केला. तो नंतर ऐका. आधी १९७५ चा, शफल बंद करून, पहिल्यापासून क्रमाने. गाणी सुटी सुटी लावलीत तर म्हाताऱ्याचं बोलणं निसटेल. ऐकून झालं की कुठलं गाणं आवडलं ते खाली लिहा, आणि आवडलं नाही तर तेही लिहा.