‘स्कार्लेट पिंपरनेल’ नाटक-सिनेमावाल्यांनी बिघडवलेलं नाही: त्या फिरणाऱ्या पोस्टला उत्तर

सध्या नाशिकच्या वाचनवाल्या आणि नाटकवाल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक लांबलचक पोस्ट फिरतेय, तुमच्याकडेही आली असेल. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की ‘द स्कार्लेट पिंपरनेल’ ही मूळ कादंबरी अस्सल होती, खऱ्या इतिहासावरची आणि पानापानावर तलवारबाजी असलेली, एका इंग्रजाच्याच काळजातून येईल अशी. ती तुफान खपली म्हणून नाटकवाले तिच्यावर तुटून पडले, सिनेमावाल्यांनी त्यात बायको आणि रोमान्स घुसवला आणि मूळ वस्तूची वाट लागली. आणि शेवटी ठळक अक्षरात, "रुपांतर म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून केलेली चोरी."

एरवी मी सोडून दिलं असतं. पण इथल्या एका हौशी ग्रुपमधली पोरं याच कादंबरीचं मराठी नाटक करायचं म्हणून संहितेला लागलीयत, आणि त्यांच्याच ग्रुपवर कुणीतरी ही पोस्ट टाकून खाली लिहिलं, "कशाला या भानगडीत पडता." तेव्हा राहवलं नाही.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट अशी. १७९२ साल, फ्रान्समध्ये राज्यक्रांती पेटलेली. कुणीतरी एक इंग्रज माणूस आपल्या साथीदारांना घेऊन पॅरिसमधून उमरावांना गिलोटिनच्या तोंडातून सोडवून नेतोय, आणि त्याची खूण म्हणजे चिठ्ठीवर काढलेलं एक छोटं लाल फूल, तेच स्कार्लेट पिंपरनेल. तो कोण हे कुणालाच माहीत नाही. इकडे लंडनमध्ये सर पर्सी ब्लेकनी म्हणून एक गडगंज श्रीमंत, कपड्यांच्या नादी लागलेला, बावळट दिसणारा माणूस आहे ज्याला सगळा दरबार हसतो. तोच तो. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणजे काय ते या माणसाकडून शिकावं. त्याची फ्रेंच बायको मार्गरीट, तिलासुद्धा पत्ता नाही, आणि फ्रेंच सरकारचा माणूस शोवलँ तिच्या भावाचा जीव मुठीत धरून तिच्याकडूनच या माणसाचा माग काढायला बघतोय.

आता पोस्टकडे येतो. सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दाव्यात आहे, आणि बाकी सगळा डोलारा त्यावरच उभा आहे म्हणून इथे जरा थांबतो. कादंबरी आधी गाजली आणि मग नाटक आलं, हे साफ उलटं आहे. नाटक पहिल्यांदा झालं १५ ऑक्टोबर १९०३ ला, नॉटिंगहॅमच्या थिएटर रॉयलमध्ये, आणि पुस्तक छापून आलं १९०५ मध्ये. लेखिका बॅरोनेस ऑर्त्सी, आणि नाटक तिनं आणि तिचा नवरा मॉन्टेग्यू बारस्टो यांनी मिळून लिहिलेलं. कादंबरी तिनं प्रकाशकांकडे पाठवली होती पण डझनभर प्रकाशकांकडून ती परत आली, कुणी हात लावायला तयार नव्हतं. फ्रेड टेरी आणि ज्युलिया नीलसन हे त्या काळचं नावाजलेलं नट-नटी जोडपं, त्यांनी नाटक उचललं. नॉटिंगहॅमला ते फारसं चाललं नाही. टेरीनं हार मानली नाही, शेवटचा अंक नव्यानं लिहवून घेतला आणि ५ जानेवारी १९०५ ला लंडनच्या न्यू थिएटरमध्ये पुन्हा उभं केलं. समीक्षकांनी नाकं मुरडली, जुनाट आहे म्हणाले, पण प्रेक्षक काही हटले नाहीत, आणि पुढे या नाटकाचे दोन हजारांवर प्रयोग झाले. पुस्तक बाजारात आलं ते या नाटकाच्या पाठोपाठ, नाटकाच्या जोरावर. म्हणजे कोण कुणाच्या घरात शिरलं? रंगमंचानं ही गोष्ट चोरली नाही, रंगमंचानं ती जगवली. फ्रेड टेरीनं नॉटिंगहॅमनंतर गाशा गुंडाळला असता तर आज ही पोस्ट लिहायला पुस्तकच हाताशी असतं की नाही, मला शंका आहे.

आणि कादंबरी नीट वाचली तर तिच्या अंगावर रंगमंच दिसतो. लॉर्ड ग्रेनव्हिलच्या बॉलचा प्रसंग घ्या. शोवलँला पक्की खबर मिळालीय की रात्री बरोब्बर एक वाजता जेवणाच्या दालनात तो माणूस येणार. तो जातो तर दालन रिकामं, टेबलांवर उष्टे ग्लास, आणि कोपऱ्यातल्या सोफ्यावर सर पर्सी तोंड उघडं टाकून झोपलेला. बस. शोवलँ त्या झोपलेल्या बावळटाकडे बघतो आणि दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत बसतो. एक खोली, दोन माणसं, एक सोफा, अजून काय लागतं? नाटकवाल्या माणसाला हा प्रवेश वाचताना प्रकाशयोजनासुद्धा दिसायला लागते.

दुसरा दावा तलवारबाजीचा. पोस्ट लिहिणाऱ्यानं पुस्तक उघडून बघितलंय का असा मला खरंच प्रश्न पडला, कारण पहिल्या कादंबरीत सांगण्यासारखी तलवारबाजी जवळजवळ नाहीच. सगळी मजा सोंगाची आणि डोक्याची. पहिल्याच प्रकरणात पॅरिसच्या नाक्यावर एक म्हातारी गाडी घेऊन येते, पहारेकऱ्याला सांगते की आत नातू आहे, देवी आल्यात त्याला, आणि तो गडी जो बाजूला उडी मारतो तो गाडी तपासायचंच सोडून देतो. आत उमरावाचं कुटुंब, आणि ती म्हातारी म्हणजे आपला नायक. पुढे फ्रान्समधल्या कॅले बंदरातल्या खानावळीत शोवलँ आणि पर्सी समोरासमोर बसलेत, बाहेरून शिपाई यायला काही क्षण उरलेत, आणि पर्सी काय करतो, तर शोवलँला आपल्या डबीतली तपकीर देतो. शोवलँ ती नाकात ओढतो आणि त्यात मिरपूड. तो शिंकून शिंकून आंधळा होईपर्यंत पर्सी हातावर तुरी देऊन पसार. एक तलवार उपसलेली नाही! तलवारी आणल्या त्या पडद्यानं, १९८२ च्या टीव्ही सिनेमात अँथनी अँड्र्यूज आणि इयन मॅककेलन यांचं शेवटी जोरदार द्वंद्व आहे. म्हणजे पोस्टला जे ‘अस्सल मूळ’ म्हणून आवडतंय तेच नेमकं रुपांतरातून आलेलं आहे, आणि मला विचाराल तर ते द्वंद्व मस्त आहे, मला त्याबद्दल काही तक्रार नाही.

"बायको आणि रोमान्स सिनेमावाल्यांनी घुसवला." याचा मला सगळ्यात जास्त राग आला. अहो, कादंबरीचा बराच मोठा भाग मार्गरीटच्या नजरेतूनच आहे! तिनं एका उमरावाविरुद्ध बोलून दाखवलं आणि त्याचं अख्खं कुटुंब वधस्तंभावर गेलं, हे कळल्यावर नवरा आतून तुटलाय आणि वरून थंड, ती मानी, खुलासा करत बसणार नाही, आणि आता भाऊ वाचवायचा तर त्या अनोळखी शूर माणसाला पकडून द्यायचं जो खरं तर तिचा नवराच आहे. हाच तर गोष्टीचा कणा आहे. पर्सीच्या रिचमंडमधल्या घराबाहेरचा पहाटेचा प्रसंग वाचा. दोघं बोलतात, ती जवळजवळ विनवते, तो दगडासारखा उभा. ती वर निघून जाते. आणि मग हा माणूस, ज्याला कुणी कधी हललेला पाहिलेला नाही, गुडघ्यावर बसतो आणि तिचं पाऊल जिथे पडलं त्या पायरीचं चुंबन घेतो. हे छापील पुस्तकात आहे. हे काढलं तर मागे नुसत्या गाड्या आणि वेशांतरं उरतात.

सिनेमानं बदल केले का? केले की. १९३४ चा लेस्ली हॉवर्डचा सिनेमा घ्या, अलेक्झांडर कोर्डानं काढलेला. पुस्तक बरीच पानं तो माणूस कोण हे उघडपणे सांगत नाही, मार्गरीटला पर्सीच्या अभ्यासिकेत फुलाची अंगठी सापडते तेव्हा तिच्याबरोबर आपल्यालाही खात्री पटते. सिनेमात हे चालणारच नाही, स्टारचा चेहरा प्रेक्षक कुठल्याही दाढीमिशीतून ओळखणार. म्हणून सिनेमा आपल्याला आधीच सांगून टाकतो, आणि मग मजा ‘कोण’ मधून निघून ‘आता हा कसं लपवणार’ मध्ये जाते. हे बिघडवणं नाही, माध्यम बदललं की गोष्ट कशी सांगायची याचं उत्तम उत्तर आहे हे. शिवाय कादंबरीच्या शेवटी पर्सी म्हाताऱ्या ज्यू माणसाचं सोंग घेतो, आणि ते रंगवताना बाईंनी ज्यूंबद्दलचे त्या काळचे सगळे घाणेरडे पूर्वग्रह वापरलेत, आज वाचताना त्रास होतो. १९३४ च्या सिनेमानं तो भाग काढून वेगळाच शेवट केला. तिथे सिनेमा मूळ पुस्तकापेक्षा उजवा आहे, हे मान्य करायला काय हरकत आहे?

"खऱ्या इतिहासावर" या दाव्याचं लवकर उरकतो. पर्सी ब्लेकनी नावाचा कुणी माणूस नव्हता, तो कल्पनेतला आहे. शोवलँ हे नाव मात्र खरं. मार्की द शोवलँ १७९२ मध्ये फ्रान्सचा लंडनमधला राजदूत होता. पण तो स्वतः उमराव, आणि जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईला मारल्यावर इंग्लंडनं त्याला परत धाडलं, पुढे क्रांतीवाल्यांनी त्यालाच तुरुंगात टाकलं. म्हणजे खरा माणूस कादंबरीतल्या खलनायकाच्या अगदी उलट. सप्टेंबर १७९२ मध्ये पॅरिसात भयंकर कत्तल झाली हे खरं, पण ती तुरुंगांत घुसलेल्या जमावानं केली, गिलोटिनचा जो धडाका कादंबरीच्या पहिल्या पानावर आहे तो मुख्यतः पुढच्या दीड-दोन वर्षांतला. आणि डोनाल्ड ग्रीअर या इतिहासकारानं त्या दहशतीच्या काळातल्या शिक्षांची मोजदाद केली, त्यात उमराव निघाले शंभरात आठ-नऊ. बाकी बहुतेक शेतकरी, कारागीर, साधी माणसं. ऑर्त्सीबाई उमरावांच्या बाजूनं का लिहितात तेही समजण्यासारखं आहे. त्या स्वतः सरदार घराण्यातल्या, आणि शेतकऱ्यांच्या उठावाच्या भीतीनं आईवडलांनी गाव सोडलं तेव्हा त्या अगदी लहान होत्या. कादंबरी म्हणून मनापासून वाचावी, पण इतिहास म्हणून फॉरवर्ड करू नये.

आणि ते गाव कुठलं? हंगेरीतलं. बाई १८६५ ला तार्नाओर्श इथे जन्मल्या, इंग्लंडला आल्या तेव्हा पंधराएक वर्षांच्या होत्या आणि इंग्रजी तेव्हा कुठे शिकल्या. त्यामुळे "हे इंग्रजच लिहू शकतो" या वाक्याचं काय करायचं? निर्माता कोर्डा हंगेरीचा. लेस्ली हॉवर्ड जन्मानं लंडनचा पण वडील हंगेरियन ज्यू. आणि १९३४ ची मार्गरीट म्हणजे मर्ल ओबेरॉन, ती तर आपल्या मुंबईत जन्मलेली, १९११ ची. गोऱ्यांच्या सिनेसृष्टीत टिकायचं म्हणून बिचारीनं आयुष्यभर सांगितलं की मी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची. खरी ओळख लपवून जगणाऱ्या माणसाच्या गोष्टीत ती नायिका होती आणि तिचं स्वतःचं जगणं तसंच होतं, हे मला पडद्यावरच्या कुठल्याही प्रसंगापेक्षा जास्त लागतं.

"जगातला पहिला सुपरहिरो" असंही पोस्टमध्ये एक वाक्य आहे. झोरो १९१९ चा, बॅटमॅन १९३९ चा, त्यांच्या आधी हा आला एवढं खरं. पहिला म्हणायचं तर विराटाच्या महालात नाच शिकवणारी बृहन्नडा कोण होती तेवढं आठवा.

राहिली चोरी. हे नाशिकमध्ये बसून म्हणायचं? तात्यासाहेब शिरवाडकरांच्या गावात, ज्यांनी ‘मॅक्बेथ’चं ‘राजमुकुट’ केलं, ‘ऑथेल्लो’ आणि ‘बेकेट’ मराठीत आणलं? तात्यासाहेब कुणाच्या घरात शिरले होते? उलट रुपांतरानं गोष्ट किती लांब जाते बघा. जपानच्या ताकाराझुका या फक्त बायकांच्या नाटकमंडळीनं २००८ मध्ये हेच कथानक केलं, पर्सीपासून सगळ्या भूमिका बायकांनी. १९९७ ला ब्रॉडवेवर त्याचं म्युझिकल आलं, नीट चालेना म्हणून चालू असतानाच पुन्हा लिहून नव्यानं उभं केलं, अगदी फ्रेड टेरीसारखं. आणि १९४१ मध्ये लेस्ली हॉवर्डनं स्वतः दिग्दर्शन करून ‘पिंपरनेल स्मिथ’ काढला, काळ नाझी जर्मनीचा, नायक एक विसराळू वाटणारा प्रोफेसर, जो छळछावणीतून माणसं सोडवतो. राऊल वॉलेनबर्ग या स्वीडिश माणसानं तो स्वीडनमध्ये बहिणीबरोबर पाहिला, आणि तिनं नंतर सांगितलं की बाहेर पडताना तो म्हणाला होता, असं काहीतरी मला करायचंय. १९४४ मध्ये तो बुडापेस्टला गेला आणि हजारो ज्यूंना वाचवलं. एका रुपांतराच्या रुपांतरानं हे घडवायला हातभार लावला.

तेव्हा पोरांनो, बिनधास्त करा. कायद्याचं विचाराल तर आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, ऑर्त्सीबाई १९४७ मध्ये गेल्या, नवरा त्यांच्या आधीच गेलेला, म्हणजे २००८ पासून ही कादंबरी भारतात सगळ्यांसाठी खुली आहे. मूळ इंग्रजी प्रत प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. फक्त ब्रॉडवेची गाणी उचलू नका, १९८२ च्या सिनेमाचे संवादही नकोत, ते हक्क वेगळ्या लोकांकडे आहेत. बॉलचा प्रवेश आणि रिचमंडची पायरी कापू नका, शेवटातलं ते ज्यूचं सोंग काढा आणि तिथे तुमचं काहीतरी लिहा. आणि सायखेडकर नाट्यगृहात प्रयोग लागला की तारीख कळवा, ती पोस्ट ज्यांनी लिहिलीय त्यांनाही पहिल्या रांगेत बोलवा.