व्हाळ कुणाच्या हद्दीत?

आंबोलीजवळच्या आमच्या गावातून धाकट्या भावाचा फोन आला की विषय हमखास पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राकडे वळतो. केंद्राने जुलै 2024 मध्ये पश्चिम घाटातल्या अशा क्षेत्राचा सहावा मसुदा काढला. त्यात नव्या खाणींना मनाई आहे आणि चालू खाणी 5 वर्षांत बंद करायच्या आहेत. गाव यादीत गेले तर स्वतःच्या जमिनीतला चिराही काढता येणार नाही, ही त्याची धास्ती मला खोटी वाटत नाही.

मी राहतो त्या ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सच्या मागच्या डोंगरांवरूनही असाच वाद पेटला होता. क्वीन्सलँड सरकारचा आणि लाकूडतोडीवर पोट असलेल्या रेव्हेनशूसारख्या गावांचा कडवा विरोध असताना 1988 साली तिथले वर्षावन जागतिक वारसा यादीत गेले. मात्र त्याबरोबर तिथल्या केंद्र सरकारने कामगारांसाठी भरपाईचा आणि पर्यायी रोजगाराचा निधीही दिला. आमच्याकडे मसुद्यामागून मसुदे येतात, भरपाईचा कागद भावाने अजून पाहिलेला नाही.

तरीही, जंगल राखले म्हणून बेडूक राहिले असे झाले नाही. त्याच सुमारास उंचावरच्या ओहोळांतले बेडूक एकामागून एक नाहीसे होऊ लागले, तेही न तोडलेल्या रानातून. कायट्रिड नावाची बुरशी त्यांच्या कातडीला लागत होती, हे 1998 साली उघड झाले. जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा आर्मर्ड मिस्टफ्रॉग संपल्यातच जमा होता. 2008 साली तो सापडला, पण दाट रानात नव्हे, तर त्याच्या कडेच्या कोरड्या, विरळ झाडीत, जिथे उन्हाने तापणाऱ्या कातळांवर बुरशीचा जोर कमी पडतो.

गेल्या वर्षी स्वयंसेवकांबरोबर एका ओहोळावर रात्री गेलो, तेव्हा पाण्यात पाय घालण्याआधी बुटांचे तळ ब्रशने घासून त्यांवर जंतुनाशक फवारावे लागले. मग विजेरीच्या उजेडात, धबधब्याच्या तुषारांनी भिजलेल्या खडकाला चिकटलेला वॉटरफॉल फ्रॉग दिसला. त्याची शेपटीवाली पिल्ले प्रवाहात वाहून जात नाहीत, कारण तोंडाने ती दगड धरून ठेवतात.

मिस्टफ्रॉग तगला तो दाट रानाबाहेर, म्हणूनच यादीतून एकेक गाव वगळण्याची मागणी मला पटत नाही. आंबोलीचा दुर्मीळ टोड ओसाड दिसणाऱ्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, उथळ डबक्यांत अंडी घालतो, आणि सडा म्हटला की खाणवाल्याला तो पडीकच वाटतो. आमचा व्हाळ, म्हणजे ओढा, शेजारच्या गावात उगम पावतो. ते गाव वगळले आणि आमचे ठेवले, तर वरच्या खाणीचा गाळ पहिल्याच पावसात आमच्या पाण्यात उतरेल, आणि निर्बंध मात्र भावाच्या वाट्याला येतील.